व्रताचे अन्न आणि विवेकाची चाळणी

शारदीय नवरात्राचे दिवस आले की महाराष्ट्रातील घराघरांतील स्वयंपाकघराची दिनचर्या पालटते. देव्हाऱ्यात घट बसतो, नंदादीप अखंड तेवू लागतो आणि फडताळातील डब्यांची जागा बदलते. गव्हा-ज्वारीचे पीठ मागे सरते. भगर, साबुदाणा, राजगिरा आणि शिंगाडा पुढे येतात. कोणी उठता-बसता उपवास करतो, कोणी नऊही दिवस एकभुक्त राहतो, कोणी केवळ फलाहारावर असतो. ज्याची जशी शक्ती, तशी त्याची भक्ती. जगदंबेच्या दरबारी उपवासांच्या संख्येवरून उच्चनीचता ठरत नाही, ही आपल्या परंपरेची थोरवी आहे.

परंतु गेल्या काही वर्षांपासून याच मंगल दिवसांत एक अमंगल वार्ता वाचावी लागते. उपवासाची भगर खाऊन, किंवा दुकानातून आणलेल्या तयार पिठाच्या भाकरी खाऊन, कुठे एक कुटुंब तर कुठे निम्मे गाव आजारी पडल्याची ती वार्ता असते. चित्तशुद्धीसाठी व्रत धरावे आणि त्याच व्रताच्या अन्नाने माणूस रुग्णालयात पोहोचावा, याहून मोठा विपर्यास कोणता? या विषयाकडे निव्वळ आरोग्यखात्याचा विषय म्हणून पाहून चालणार नाही. तो धर्माचाही विषय आहे. अन्नाची पारख करणे हे व्रताच्या बाहेरचे काम नसून व्रताचेच एक अंग आहे, आणि नेमक्या त्याच अंगाचा आज आपल्याला विसर पडला आहे.

एका महिन्यातील दोन एकादश्या

फार मागे जाण्याचे कारण नाही. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, पौष वद्य एकादशीस, नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमासाठी आसपासच्या गावांतील भाविक जमले होते. तेथील जेवणानंतर सुमारे २००० माणसांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २० फेब्रुवारीला, माघ शुद्ध एकादशीस, बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील भगर-आमटीचा प्रसाद घेतल्यावर २०० हून अधिक माणसे आजारी पडली. रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ज्या रात्री हरिनामाचा गजर व्हावयाचा, त्या रात्री कण्हण्याचे आवाज ऐकू आले.

प्रत्येक ठिकाणी नेमके काय बिघडले, हे सांगण्याचा अधिकार तपास करणाऱ्यांचा. आपण लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की या दोन्ही ठिकाणी कोणाची श्रद्धा कमी नव्हती. रांधणारे हात सेवाभावाचेच असणार आणि वाढणारे हातही. श्रद्धा होती, सेवा होती, दानही होते. तरीही अन्न बाधले. यावरून बोध घ्यावयाचा तो असा, की श्रद्धा अन्नाला पावित्र्य देईल, परंतु बिघडलेल्या अन्नातील विष ती काढून टाकणार नाही. ते काम देवाने आपल्या बुद्धीकडे सोपविले आहे.

भगर का बिघडते?

वरई, वरीचे तांदूळ, भगर ही नावे आपल्या परिचयाची. डोंगराळ मुलखात पिकणारे हे बारीक तृणधान्य. पचण्यास हलके आणि ऋषिमुनींच्या आहाराशी नाते सांगणारे, म्हणून ते उपवासास चालते. धान्य म्हणून त्यात काहीही दोष नाही. दोष शिरतो तो साठवणुकीत.

कणावर टरफल असते तोवर निसर्गाने त्यास कवच दिलेले असते. टरफल काढले की ते कवच जाते. आणि कणाचे पीठ केले की हवेतील ओलावा शोषून घेण्यास त्याला सर्व बाजूंनी वाव मिळतो. आपले नवरात्र येते ते पावसाळ्याच्या अखेरीस. हवेत दमटपणा आणि वर आश्विनाचे ऊन, हा काळ बुरशीच्या वाढीस अत्यंत पोषक. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने भगरीबाबत जी सूचनापत्रके काढली, त्यांत हेच सांगितले आहे. दमट हवेत भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यापासून फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार होतात. बुरशीची अनेक विषे साध्या शिजविण्याने नाहीशी होत नाहीत. म्हणून "चांगले उकळले, आता काय व्हायचे?" हा भरवसा येथे अपुरा ठरतो. पिठाचा रंग पालटला, कुबट वास आला तर ते टाकावेच. परंतु वास आला नाही म्हणजे पीठ निर्दोष आहे, असेही नाही.

दुसरे संकट तयार शिजविलेल्या अन्नाचे. पहाटे रांधलेली भगर, आमटी किंवा खीर मोठ्या पातेल्यात झाकून ठेवावी आणि दुपारी महाप्रसादाला वाढावी, ही पुष्कळ ठिकाणची रीत आहे. कोमट अन्नात सूक्ष्म जंतू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेचा या बाबतीतला दंडक साधा आहे: शिजविलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये; ठेवणे भागच असेल तर ६० अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण ठेवावे, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे. काही जंतूंनी एकदा विष तयार केले, की नंतर अन्न पुन्हा तापवूनही ते जात नाही. विकतचे खव्याचे पदार्थ, पेढे, बासुंदी, पनीर यांनाही हाच न्याय लागू आहे. दूध जितके पवित्र तितकेच ते नाशवंत.

गीतेतील एक शब्द आणि दोन भाष्यकार

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, ही आजच्या विज्ञानाची भाषा झाली, धर्माचे काय? तर धर्माने हे केव्हाच सांगून ठेवले आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील तामस आहाराच्या लक्षणांत रस गेलेले, दुर्गंधी सुटलेले, शिळे आणि उष्टे अन्न येते; आणि या यादीच्या आरंभी भगवंतांनी योजलेला शब्द आहे 'यातयाम'. श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी त्याचा अर्थ केला अर्धवट शिजलेले. श्रीरामानुजाचार्यांनी अर्थ केला फार वेळ राहिलेले. दोन आचार्य, दोन संप्रदाय, एका शब्दाचे दोन अर्थ. पंडितांच्या सभेत या भेदावर वाद रंगेल. परंतु स्वयंपाकघरात उभे राहून पाहिले, तर दोन्ही अर्थ खरे आहेत. कच्चे राहिलेले अन्न आणि वेळ टळून गेलेले अन्न, अन्नबाधेची ही दोन महाद्वारे. दोन भाष्यकारांनी जणू एकेका द्वाराशी उभे राहून आपल्याला सावध केले आहे.

आयुर्वेदाचेही सांगणे तेच. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी करण्यास सांगितले आहे. पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर केलेला संस्कार, पदार्थांचा संयोग, प्रमाण, देश, काळ, खाण्याचे नियम आणि खाणारा स्वतः, अशी ती आठ अंगे. भगर स्वभावाने चांगली, एवढ्यावर आपण थांबतो. ती कोणी दळली, कोणत्या ऋतूत, किती दिवसांपूर्वी, किती खाल्ली आणि कोणी खाल्ली, हे उरलेले प्रश्न विचारतच नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा तर पहिलाच अध्याय अन्नपानाच्या रक्षणाविषयी आहे. राजाच्या पाकशाळेत कोण असावे, अन्नाची परीक्षा कशी करावी, हे तेथे तपशिलाने येते. राजासाठी जी दक्षता सांगितली, ती देवाच्या नैवेद्यासाठी नको काय?

सोवळ्याचे मर्म

आपल्या घरांतील सोवळ्याची आज थट्टा होते. त्यात माणसाला माणसापासून दूर लोटणारे जे होते ते गेले, हे उत्तमच झाले. परंतु त्या आचारात जपणुकीचा एक धागाही होता. स्नान करून स्वयंपाकास लागणे, धान्य निवडणे, धुणे, उन्हात वाळविणे, ते आपल्या देखत दळणे, ताजे रांधणे आणि वेळेवर वाढणे अशी ती एक साखळी होती. प्रत्येक कडीपाशी घरातील कोणाची तरी नजर असे. आता धान्य दुसरीकडे पिकते, तिसरीकडे दळले जाते, चौथीकडे साठते आणि पाचव्या दुकानात विकले जाते. साखळी लांबली आणि नजर मात्र कोणाचीच राहिली नाही. सोवळे नेसून रांधलेल्या अन्नातील पीठ जर महिनोन्महिने गोदामात पडलेले असेल, तर ते सोवळे केवळ वस्त्राचे झाले, अन्नाचे नव्हे.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'पूर्वी सारे घरी होत असे' असे म्हणणे पुरुषांस सोपे जाते. जात्याचा खुंटा ज्यांच्या हाती असे, त्या मायभगिनींचे श्रम त्यांनी मोजलेले नसतात. आज पुष्कळ घरांत गृहिणीही नोकरीवर जाते. ती तयार पीठ आणते ते आळसाने नव्हे, वेळेच्या ओढीने. तेव्हा या लेखाचा भार पुन्हा तिच्याच डोक्यावर ठेवावा, असा हेतू नाही. व्रत घराचे असेल तर व्रताची सिद्धताही घराची असावी. भगर निवडणे, धुणे आणि वाळत घालणे यांसाठी स्त्रीचाच हात लागतो, असे कोणत्याही धर्मग्रंथात लिहिलेले नाही.

त्याचप्रमाणे प्रत्येक दुकानदारास दोषी ठरविणेही अन्यायाचे होईल. सचोटीने व्यापार करणारे असंख्य आहेत. पुष्कळदा बुरशी ही लबाडीतून नव्हे, तर ओल्या भिंतीतून आणि दुर्लक्षातून येते. परंतु उपवासाच्या दिवसांत मागणी वाढते म्हणून गतवर्षीचा उरलेला माल पुढे करणारा कोणी असेल, तर त्याने ध्यानात घ्यावे, की त्याचे गिऱ्हाईक देवीच्या नावाने उपाशी आहे. त्याची फसवणूक ही दुप्पट पातकाची आहे.

प्रसाद नाकारावा का?

भाविकांच्या मनातील सर्वांत अवघड प्रश्न हा आहे. प्रसाद बाधत नाही, अशी आपली श्रद्धा. तो नाकारला तर देवतेचा अवमान होईल, ही भीती. पातेल्यातील भगरीला आंबूस वास येत असतानाही माणसे डोळे मिटून तो घास घेतात आणि लेकरांनाही भरवितात.

या ठिकाणी छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाचे आख्यान आठवावे. कुरुदेशात पिकांचा नाश होऊन दुष्काळ पडला. भुकेने व्याकुळ झालेल्या उषस्तीने हत्ती बाळगणाऱ्या एका माणसाजवळ त्याच्या पुढ्यातील उष्टे कुळीथ मागितले आणि ते खाल्ले. त्या माणसाने नंतर पाणी देऊ केले, तेव्हा उष्टे म्हणून ते मात्र त्याने नाकारले. कारण विचारता तो म्हणाला, ते कुळीथ खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळेल. आख्यानाचे मर्म हे, की आहाराच्या नियमांचे अंतिम माप प्राणरक्षण आहे. ज्या मापाने उष्टे खाणेही क्षम्य ठरले, त्याच मापाने प्राणास अपाय करणारे अन्न दूर सारणे हे कर्तव्य ठरते. ज्याच्यापुढे निवड आहे, त्याने विवेक करावा, हाच त्याचा धर्म.

म्हणून निःशंक मनाने सांगावेसे वाटते: शंका येईल तेथे हात जोडावेत, प्रसाद मस्तकी लावावा आणि खाऊ नये. देवीपुढील खडीसाखरेचा एक खडा किंवा तीर्थाचा थेंबही पूर्ण प्रसाद आहे. प्रसादाचे मोल पोटभर खाण्यात नाही. आणि मुळात जे माणसाने खाण्यास अयोग्य, ते देवतेस अर्पण करण्यासही अयोग्यच.

आणखी एक. तयार पिठाच्या भाकरी, थालीपिठे आणि पुऱ्या यांचा आग्रह शास्त्राचा नाही. उपवासाचा शब्दार्थच मुळी 'जवळ राहणे' असा आहे. भगवंताच्या सान्निध्यात राहणे. आपल्या ताटातील साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही तर सातासमुद्रापलीकडच्या पिकांची देणगी. प्राचीन व्रतग्रंथांत त्यांचे नावही असणे शक्य नाही. पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांनी व्रत मोडत नाही. औषधानेही मोडत नाही, असे धर्मशास्त्र स्वच्छ सांगते. मधुमेहाच्या वृद्धांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांनी हे विशेष ध्यानी धरावे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्याच हौसेकडे पाहून रचली आहे. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात भरपेट भगर आणि दाण्याची आमटी गेली, तर निर्दोष अन्नही जड होते.

घराने काय करावे

तयार पिठापेक्षा अख्खी भगर घ्यावी. तीही सुटी न घेता बंद पाकिटातील घ्यावी आणि पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, १४ अंकी परवाना क्रमांक, पाकीट भरल्याचा दिनांक आणि वापराची मुदत पाहूनच घ्यावी. घरी आणल्यावर ती निवडून, स्वच्छ धुऊन, कडक वाळवून, लागेल तेवढीच दळावी. उरलेली भगर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. गतवर्षीच्या उपवासाचे पीठ डब्यात सापडले, तर त्याचा मोह धरू नये. ज्या घरात पाकिटाचा खर्च जड वाटतो, त्यांनी उकडलेले रताळे, केळे आणि उकळलेले दूध यांवर व्रत करावे. त्यात काडीचेही उणे नाही. सुटी मिठाई घेताना ती केव्हापर्यंत खाण्यायोग्य आहे, हे विचारावे. तो दिनांक दुकानात दर्शविण्याचे बंधन १ ऑक्टोबर २०२० पासून घालण्यात आले, आणि तो विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

मंदिरांचे विश्वस्त आणि सप्ताहाची मंडळे यांची जबाबदारी याहून मोठी. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार धार्मिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्यांनीही नोंदणी करावयाची आहे. परंतु कागदापेक्षा काळजी महत्त्वाची. धान्य कोठून घेतले त्याची पावती ठेवावी. पाणी शुद्ध असावे. ज्याच्या हाताला जखम किंवा ज्यास जुलाब आहेत, त्याने त्या दिवशी दुसरी सेवा करावी. पंगती जशा बसतील तसा स्वयंपाक थोडाथोडा आणि ताजा करावा. आणि आम्हा कीर्तनकारांचेही येथे काम आहे. पूर्वरंगात अन्नब्रह्माचे निरूपण करणाऱ्याने सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी या चार गोष्टी पाच मिनिटे सांगाव्यात. नारदांच्या गादीवरून सांगितलेले गाव ऐकते.

इतके करूनही कोणास मळमळ, उलट्या, जुलाब किंवा चक्कर असा त्रास झालाच, तर दृष्ट काढीत वा अंगारा लावीत बसून वेळ दवडू नये. अंगारा लावावा आणि निघावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. मूल सुस्त पडले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. उरलेले अन्न आणि पाकीट फेकून न देता बाजूस ठेवावे, म्हणजे तपासणीस उपयोगी पडेल आणि पुढच्या घरावरील संकट टळेल. लपविण्याने देवस्थानाची अब्रू राखली जात नाही. सत्य सांगण्याने राखली जाते.

अन्नास आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ब्रह्माची उपासना डोळे मिटून करता येईल. परंतु अन्नाची उपासना डोळे उघडे ठेवूनच करावी लागते. सुपात भगर घेऊन खडे निवडणारा हात आणि जपमाळ ओढणारा हात, हे दोन्ही एकाच भक्तीचे हात आहेत. घटापाशी बसलेली आदिमाया ही अन्नपूर्णाही आहे. घरोघरचा नैवेद्य निर्मळ राहो, उपवास करणाऱ्यांचे आरोग्य अखंड राहो आणि दसऱ्याचे सोने लुटण्यास घरातील लहानथोर सारे सुखरूप सीमोल्लंघनास निघोत, हीच तिच्या चरणी प्रार्थना.